बाळंतीण वाचली, एवढं पुरत नाही

गोव्यातल्या शिरोड्याचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर जगभर ओळखले जातात ते गर्भाशयाच्या मुखाला घातल्या जाणाऱ्या टाक्यामुळे. पाचव्या-सहाव्या महिन्यात वारंवार गर्भ गमावणाऱ्या बाईसाठी त्यांनी १९५५ साली हा टाका मांडला आणि आजही तो त्यांच्याच नावाने घातला जातो. त्यांचं दुसरं एक काम मात्र वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांबाहेर फारसं कुणाला ठाऊक नाही. तरुणपणीच अंग बाहेर येऊ लागलेल्या बायकांसाठी त्यांनी एक शस्त्रक्रिया बसवली. मुंबईतल्याच डॉ. बी. एन. पुरंदरे यांनी त्याच दुखण्यावर दुसरी बसवली. दोघांच्या पद्धती वेगळ्या, विचार एकच. घसरलेली गर्भपिशवी कापून टाकायची नाही, तिला पट्टीचा आधार देऊन वर बांधायची. कारण समोरची बाई पंचवीस-तीस वर्षांची असते. तिला कदाचित अजून मूल हवं असतं, आणि नको असलं तरी त्या शरीरानिशी तिला आणखी चाळीस वर्षं जगायचं असतं.

ज्या मुंबईत हा विचार झाला तिच्याच राज्यात २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारला एक समिती नेमावी लागली. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड कामगार बायकांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. कितीतरी जणी चाळिशीच्या आतल्या होत्या. या सगळ्या शस्त्रक्रिया बाळंतपणात झालेल्या इजांमुळेच झाल्या असं मी म्हणणार नाही. पांढरं जाणं, जास्त रक्त जाणं, ओटीपोटात सतत दुखणं, डॉक्टरने घातलेली कॅन्सरची भीती, कामावर खाडा पडला तर मुकादम कापणार असलेले पैसे, आणि काही दवाखान्यांचा सरळसरळ धंदा, हे सगळं त्यात होतं. पण या बायकांच्या दुखण्यांची गोष्ट बहुतेकदा पहिल्या-दुसऱ्या बाळंतपणापासून सुरू होते. तेव्हा त्या दुखण्याकडे कुणी पाहिलेलं नसतं. दहा वर्षांनी कुणी पाहतं, तेव्हा त्याच्या हातात सुरी असते.

मला जे म्हणायचं आहे ते इतकंच आहे. बाळंतपणातल्या इजा बाळंतपणाच्या काही तासांत आणि त्यानंतरच्या दीड महिन्यात होतात, आणि त्या टाळणं, ओळखणं आणि बऱ्याच अंशी बरं करणं हेही त्याच तासांत आणि त्याच दीड महिन्यात शक्य असतं. आपण मात्र तो काळ मोकळा सोडतो आणि शेवटचा उपाय सर्वांत आधी करतो. यात सर्वांत जास्त भरडली जाते ती गरीब बाई. गरीब बाईचं शरीर काही निराळं नसतं. तिच्या वाट्याला वेळेवर मदत येत नाही आणि नंतर विश्रांती येत नाही, एवढाच फरक.

आता उपलब्धीही सांगितली पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. २००४–०६ या काळात आपल्या देशात दर लाख जिवंत जन्मांमागे २५४ माता दगावत होत्या. २०१८–२० मध्ये हा आकडा ९७ वर आला, महाराष्ट्रात तर ३३ वर. २००५–०६ मध्ये दवाखान्यात होणारी बाळंतपणं शंभरात ३९ सुद्धा नव्हती. २०१९–२१ मध्ये ती जवळजवळ ८९ झाली. जननी सुरक्षा योजना, आशा कार्यकर्त्या, रुग्णवाहिका, रक्तपेढ्या यांच्यामागे हजारो माणसांचे कष्ट आहेत. मातामृत्यू झाला की त्याचं अन्वेषण होतं, कारण लिहिलं जातं, अधिकाऱ्याला उत्तर द्यावं लागतं. हे फार चांगलं आहे. पण जी वाचली आणि लघवी गळत घरी गेली, तिच्याबद्दल कुणालाच उत्तर द्यावं लागत नाही. जाणकारांचा जुना, ढोबळ अंदाज असा की बाळंतपणात दगावणाऱ्या एका बाईमागे वीस ते तीस बायका या ना त्या इजेसह जगतात. अंदाज ढोबळ आहे, कारण मोजणीच होत नाही.

एकदा मात्र मोजणी झाली होती, आणि तीही आपल्याकडेच. गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी ६५० बायका तपासल्या. जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तो अभ्यास छापून आला. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोगांपैकी एक तरी दुखणं होतं, आणि त्याआधी कधीही अशी तपासणी झालेल्या बायका शंभरात फक्त ८ होत्या. त्याच गडचिरोलीत पुढे दुसरं काम उभं राहिलं: गावातल्याच बाईला शिकवून नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायची. १९९९ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. हे दुसरं काम देशाने उचललं. २०११ पासून आशा कार्यकर्ती बाळ जन्मल्यावर सहा-सात वेळा घरी जाते, ती या कामामुळेच. पहिल्या अभ्यासाचा मात्र आपण आदराने उल्लेख करत राहिलो.

त्या घरभेटीचा केंद्राचा मूळ तक्ता एकदा वाचून पाहावा. आईने दिवसातून किती वेळा पोटभर खाल्लं, रक्तस्राव किती, ताप आहे का, घाण वासाचा स्राव आहे का, झटके येतात का, दूध येतं का, हे त्यात आहे आणि ते हवंच. त्यातल्या प्रत्येक प्रश्नामागे एक संभाव्य मृत्यू आहे. बाळाला दिवसातून सहापेक्षा कमी वेळा लघवी होते का, हाही प्रश्न आहे. आईची लघवी आपोआप गळते का, हा नाही. संडासवर ताबा आहे का, खाली काही उतरल्यासारखं वाटतं का, टाके दुखतात का, हेही नाही. म्हणजे आशा दारात येते, बाईच्या शेजारी बसते, बाळाचं वजन करते, त्याच्या लघवीबद्दल विचारते, आणि त्याच खाटेवर ओल्या लुगड्यात बसलेल्या बाईला विचारण्याची मुभा तिला तक्ता देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रसूतीपश्चात काळजीच्या शिफारशींत आईला लघवीबद्दल आणि जखमेबद्दल विचारायला स्पष्ट सांगितलेलं आहे. शिफारस आहे, घरभेटही आहे. दोघींची गाठ घातलेली नाही.

या इजा नेमक्या कशा होतात ते नीट समजून घेतलं, की त्यांना नशीब म्हणणं अवघड जातं.

सर्वांत भयंकर इजा अडलेल्या बाईला होते. बाळाचं डोकं कटीच्या हाडांत अडकून बसतं आणि कळा थांबत नाहीत. डोकं आणि पुढचं हाड यांच्यामध्ये मूत्राशयाची पातळ भिंत चिरडलेली असते. काही तास, मग रात्र, मग दुसरा दिवस. चिरडलेल्या भागाला रक्त मिळत नाही आणि तो मरतो. बाळ बहुतेक वेळा मृत जन्मतं. आई वाचते, घरचे सुटकेचा श्वास टाकतात. मग तीन ते दहा दिवसांत तो मेलेला भाग गळून पडतो, मूत्राशय आणि योनी यांच्यामध्ये भोक पडतं, आणि त्या दिवसापासून लघवी दिवसरात्र वाहत राहते. याला फिस्टुला म्हणतात. मूल गेलेलं, अंगाला वास, मांड्यांवर फोड, नवऱ्याने वेगळं टाकलेलं अंथरूण. जी मुलगी पंधरा-सोळाव्या वर्षी बाळंत होते तिची कटी पुरती वाढलेली नसते, म्हणून हा धोका तिला जास्त. महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायकांत अठराच्या आत लग्न झालेल्या शंभरात अजूनही २२ आहेत, ही गोष्ट इथे आठवावी.

दुसरी इजा हळू येते. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आणि बंध हे झोळीसारखे पिशवीला, मूत्राशयाला, आतड्याला धरून असतात. लांबलेल्या कळा, मुख पूर्ण उघडण्याआधीच लावायला लावलेला जोर, पाठोपाठची बाळंतपणं, यांनी ही झोळी ताणते. दीड-दोन महिने मिळाले तर ती बरीचशी पूर्ववत होते. न मिळाले तर नाही. ऊसतोडीच्या फडात बाळंत झालेली बाई आठवड्याभरात मोळी डोक्यावर घेते, आणि ती मोळी घेऊन शिडीवरून ट्रकवर चढते. वर चढताना एका पायावर सगळा भार येतो, श्वास रोखला जातो, आणि तो सगळा दाब खाली त्या सैल झोळीवर पडतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल दोघांच्या नावावर घेतलेली. एक बसला तर जोडी मोडते आणि खाडा पडतो. अशा ठिकाणी ‘ओझं उचलू नका’ हा डॉक्टरांचा सल्ला बरोबर असूनही निरुपयोगी आहे.

तिसरी इजा फाटण्याची. बाळ बाहेर येताना योनीमार्ग थोडाफार फाटतो, बहुतेकदा भरूनही येतो. पण ती फाट गुदद्वाराभोवतीच्या स्नायूपर्यंत गेली आणि चांगल्या उजेडात, भूल देऊन, थर ओळखून शिवली गेली नाही, तर बाईचा वाऱ्यावर आणि शौचावर ताबा जातो. अशी बाई एसटीत बसत नाही, देवळात जात नाही, लग्नाकार्याला काहीतरी निमित्त काढून घरी राहते. टाके घालण्याआधी गुदद्वारात बोट घालून स्नायू शाबूत आहे का हे पाहायला मिनिटही लागत नाही. ते मिनिट न दिल्याने बाईची तीस वर्षं जातात.

या इजांचं कारण म्हणून आपण सवयीने उशिराकडे बोट दाखवतो आणि ते खरंच आहे. सिरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी १९९४ साली तीन उशीर सांगितले: दवाखान्यात न्यायचं ठरवायला उशीर, पोचायला उशीर, आणि पोचल्यावर उपचार मिळायला उशीर. पहिल्या दोघांवर आपण गेल्या वीस वर्षांत पुष्कळ मेहनत घेतली. तिसरा तसाच आहे. सिझेरियनला शल्यविशारद लागतो, भूलतज्ज्ञ लागतो, रक्त लागतं. देशातल्या ग्रामीण भागातल्या सामुदायिक आरोग्य केंद्रांमध्ये तज्ज्ञ डॉक्टरांची तूट २०२१–२२ साली सुमारे ८० टक्के होती. मेळघाटातली किंवा भामरागडकडची बाई रुग्णवाहिकेने तालुक्याला पोचते, तिथून जिल्ह्याला पाठवली जाते, आणि या प्रत्येक टप्प्यावर कागदोपत्री ती ‘दवाखान्यात’ असते. डोकं अडकलेलं तिचं बाळ मात्र आत दाबतच असतं.

पण उशिराबरोबर घाईही इजा करते, आणि याबद्दल आपण फार कमी बोलतो. गर्दीच्या प्रसूतिगृहात काय चालतं ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे चित्र नवं नाही. टेबल मोजकी, बायका जास्त. बाई उताणी, पाय वर अडकवलेले. कळा संथ वाटल्या की सलाइनमध्ये कळा वाढवायचं औषध. काही गावांत तर असं इंजेक्शन घरीच, डिग्री नसलेला माणूस दंडात टोचतो. त्याने पिशवी फाटू शकते. मग ‘जोर लाव, जोर लाव’चा गलका, आणि जोर कमी पडला की कुणीतरी स्टुलावर उभं राहून दोन्ही हातांनी किंवा कोपराने पोट वरून खाली दाबतं. पहिलटकरणीला तर योनीमुखाशी छेद ठरलेलाच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली निःसंदिग्धपणे सांगितलं की पोट दाबू नये आणि सरसकट छेद देऊ नये. हे परिपत्रकांत उतरलं, हातांत उतरलं नाही. ज्या परिचारिकेला एका पाळीत एकटीने अनेक बाळंतपणं उरकायची आहेत, तिच्याकडून संयमाची अपेक्षा करणाऱ्याने आधी तिच्या जोडीला माणूस द्यावा. दोष तिचा एकटीचा नाही हे मी मानतो. पण इजा बाईलाच होते.

घाई आवरता येते, याचा नॉर्वेतला दाखला मला महत्त्वाचा वाटतो. गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत जाणाऱ्या फाटण्याचं प्रमाण तिथे या शतकाच्या सुरुवातीला शंभरात चारच्या आसपास गेलं होतं. श्रीमंत देश, उत्तम इस्पितळं, तरीही. त्यांनी शेजारच्या फिनलंडकडून एक जुनंच कसब परत शिकून घेतलं. एका हाताने बाळाचं डोकं सावकाश बाहेर येऊ द्यायचं, दुसऱ्या हाताने खालच्या भागाला आधार द्यायचा, आणि त्या क्षणी बाईशी बोलून तिला जोर थांबवायला सांगायचं. सुइणींना प्रशिक्षण दिलं, प्रत्येक फाट नोंदवली. काही वर्षांत काही इस्पितळांत प्रमाण निम्म्याहून खाली आलं. त्यासाठी नवं यंत्र लागलं नाही, नवं औषध लागलं नाही. आपल्या जुन्या अनुभवी सुइणींपैकी अनेकजणींना हा आधार द्यायची पद्धत ठाऊक होती. सुईण अस्वच्छ, सुईण अडाणी, असं म्हणत आपण तिला बाजूला केलं. तिच्या चुका मोठ्या होत्या हे खरं, पण बाईजवळ बसून राहण्याची तिची सवय आपण मागे ठेवायला नको होती. २०१८ मध्ये केंद्राने अठरा महिन्यांचं प्रशिक्षण देऊन प्रसविका परिचारिका तयार करायचं धोरण आणलं. धोरण योग्य आहे. ते आदिवासी तालुक्यांतून सुरू व्हायला हवं.

इथे एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो प्रामाणिक लोकांकडूनच येतो. आधी जीव वाचवू, इजांचं नंतर पाहू; साधनं थोडी आहेत. मला हा युक्तिवाद पटत नाही. अडलेली बाई मरते किंवा तिला फिस्टुला होतो, यामागचं कारण एकच आहे. जी रुग्णवाहिका, जो भूलतज्ज्ञ आणि जी जागरूक परिचारिका तिचा जीव वाचवते, तीच चार तास आधी मिळाली तर तिचं मूत्राशयही वाचतं. १९७२ साली आफ्रिकेतल्या ऱ्होडेशियात फिलपॉट आणि कॅसल यांनी बाळंतपणाच्या आलेखावर धोक्याच्या रेषा आखल्या त्या याचसाठी. कळांची प्रगती रेषेच्या उजवीकडे सरकली की वाट न पाहता बाईला पुढे पाठवायचं. हा आलेख, म्हणजे पार्टोग्राफ, आपल्या प्रत्येक प्रसूतिगृहात असायला हवा, आणि बाळंतपण चालू असताना भरायला हवा. बाळंतपण झाल्यावर फाइल पूर्ण करण्यासाठी नव्हे. मृत्यू आणि इजा अशी रांग लावायचं कारणच नाही.

इथिओपियाचा अनुभव हेच सांगतो. ऑस्ट्रेलियातून कॅथरीन हॅमलिन आणि त्यांचे न्यूझीलंडमध्ये जन्मलेले पती रेजिनल्ड १९५९ साली अदिस अबाबाला गेले ते सुइणींना शिकवायला. तिथे फिस्टुला झालेल्या बायका दारात येऊ लागल्या, दूरदूरच्या गावांतून, दिवसचे दिवस चालत. दोघांनी शस्त्रक्रिया शिकून घेतल्या, पुढे फक्त याच बायकांसाठी इस्पितळ काढलं. आजवर साठ हजारांहून अधिक बायका तिथे उपचार घेऊन गेल्या आहेत. ममितू गाशे ही तिथे रोगी म्हणून आलेली, शाळेत न गेलेली तरुणी. ती शस्त्रक्रियेला हाताशी उभी राहता राहता स्वतः निष्णात शस्त्रक्रिया करू लागली आणि डॉक्टर तिच्याकडे शिकायला येऊ लागले. एवढं सगळं करूनही २००७ साली हॅमलिन यांनी काय काढलं, तर सुइणींचं महाविद्यालय. खेड्यातल्या मुली निवडायच्या, शिकवायच्या आणि परत खेड्यातच नेमायच्या. अर्धं शतक भोकं शिवल्यावर त्यांच्या लक्षात आलं होतं की शिवण्याने हे संपणार नाही.

आणि शिवण्याची ही विद्या आली कुठून, हेही विसरू नये. अमेरिकेतल्या अलाबामात १८४५ ते १८४९ दरम्यान जे. मॅरियन सिम्स या डॉक्टरने ती गुलाम स्त्रियांच्या शरीरावर प्रयोग करून बसवली. त्यांतल्या तिघींची नावं इतिहासात उरली आहेत: अनार्का, बेट्सी आणि लूसी. भूल न देता एकट्या अनार्कावर सुमारे तीस शस्त्रक्रिया झाल्या. २०१८ साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कजवळचा सिम्सचा पुतळा हलवण्यात आला. पुढे वेळेवर सिझेरियन मिळू लागलं तसा श्रीमंत देशांतून अडलेल्या बाळंतपणाचा फिस्टुला जवळपास दिसेनासा झाला. ज्यांच्या वेदनेतून उपाय सापडला त्यांच्यासारख्याच गरीब बायकांपर्यंत तो पावणेदोनशे वर्षांनंतरही पुरता पोचलेला नाही.

उपचाराचं काय? तिथेही क्रम उलटा झाला आहे. फिस्टुला ताजा आणि लहान असेल तर लघवीची नळी सुमारे चार आठवडे सलग ठेवून मूत्राशय रिकामं ठेवलं की काही बायकांचं भोक शस्त्रक्रियेविना बुजतं. मात्र त्यासाठी पहिल्या काही आठवड्यांत कळलं पाहिजे. वर्षभराने कळलं तर शस्त्रक्रियाच, आणि तीही निष्णात हातांनी पहिल्याच वेळी नीट झाली तर उत्तम. प्रत्येक फसलेल्या शस्त्रक्रियेनंतर पुढची अवघड होत जाते. अंग थोडं खाली आलं असेल तर ओटीपोटाच्या तळाचे व्यायाम काही महिने नेमाने केल्याने त्रास कमी होतो. लघवी रोखून धरल्यासारखे ते स्नायू आवळायचे, दहापर्यंत मोजायचं, सोडायचे. असं दिवसातून तीन वेळा. हे चुलीपुढे बसूनही करता येतं. त्याहून जास्त उतरलं असेल तर सिलिकॉनची रिंग बसवता येते. ती काही मिनिटांत बसते, ठरावीक काळाने काढून धुवायची असते, आणि शिकवली तर बाई स्वतःच ते करू शकते. किती प्राथमिक आरोग्य केंद्रांत ही रिंग कपाटात असते? मग शस्त्रक्रिया, आणि त्यातही आधी पिशवी वाचवणारी, म्हणजे शिरोडकर-पुरंदरेंनी दाखवलेली वाट. पिशवी काढणं सगळ्यांत शेवटी, गरज सिद्ध झाल्यावर. तिच्याबरोबर बीजकोशही काढले गेले तर पस्तिशीत पाळी बंद होते, हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. आणि ती बाई दोन महिन्यांनी पुन्हा मोळीच उचलणार असते.

बीडच्या प्रकरणानंतर तिथे जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय खासगी दवाखान्यांना पिशवी काढता येणार नाही असा नियम झाला. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अनावश्यक पिशवीशस्त्रक्रियांबाबतची मार्गदर्शक तत्त्वं राज्यांनी लागू करावीत असा आदेश दिला. दोन्ही गोष्टी आवश्यक होत्या. पण नुसतं ‘काढू नका’ म्हटल्याने बाईचं दुखणं जात नाही. तिच्यासमोर व्यायाम, रिंग, औषध आणि विश्रांती नसेल, तर परवानगीचा नियम तिच्यासाठी फक्त आणखी एक फेरी ठरतो.

नेपाळने या बाबतीत एक पाऊल पुढे टाकलं होतं. तिथे अंग बाहेर येण्याचा त्रास असलेल्या बायका सुमारे सहा लाख आहेत असा अंदाज २००६ साली पुढे आला, आणि २००८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा प्रजनन आरोग्याच्या हक्काचा भंग असल्याचा निकाल दिला. सरकारने शिबिरं भरवून हजारो मोफत शस्त्रक्रिया केल्या. पण ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने २०१४ मध्ये दाखवून दिलं की कमी वयातलं लग्न, पाठोपाठची बाळंतपणं आणि बाळंतिणीच्या डोक्यावरचं ओझं तसंच राहिलं. एका बाजूला शिबिरात अंग वर बांधलं जात होतं, दुसऱ्या बाजूला नव्या मुली त्याच वाटेने येत होत्या.

म्हणून विश्रांतीचा प्रश्न मी उपचाराचाच भाग मानतो. आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना जपायची रीत आहे. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, माहेर. पण ती रीत ज्यांच्याकडे साठवलेलं धान्य आणि मोकळे हात आहेत त्यांच्यापुरती. नोकरदार बाईला २०१७ पासून कायद्याने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. फडातल्या बाईला प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पहिल्या बाळासाठी ५ हजार रुपये मिळतात, तेही हप्त्यांत, कागद जुळले तर. तमिळनाडूत डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाच्या योजनेत एकूण १८ हजारांची मदत आहे. महाराष्ट्राला हे परवडत नाही असं कुणी म्हणू नये. साखर कारखान्यांनी आणि सरकारने मिळून ऊसतोड बाईला बाळंतपणाच्या दोन महिन्यांची मजुरी द्यावी, आणि त्या काळात कोयत्याला खाडा लावायला बंदी करावी. यापेक्षा स्वस्त स्त्रीरोगतज्ज्ञ सापडणार नाही.

बायका बोलत नाहीत, लाजतात, म्हणून हे दुखणं लपतं, असं सांगितलं जातं. वसा आणि अमिर्झाच्या बायका बोलल्या, कारण विचारणारी बाईच होती, तिला त्यांची भाषा येत होती, आणि विचारून ती निघून जाणार नव्हती. लाज ही अडचण आहे, पण तिच्यामागे लपायचा हक्क आरोग्यव्यवस्थेला नाही.

शेवटी एक अगदी साधी मागणी. बाळ दीड महिन्याचं झालं की त्याला लस देण्यासाठी आई उपकेंद्रात किंवा अंगणवाडीत येते. गरीब, आदिवासी, स्थलांतरित, बहुतेक सगळ्या येतात, कारण बाळाची लस कुणी चुकवू इच्छित नाही. त्या दिवशी पडद्याआड उपकेंद्रातल्या परिचारिकेने, म्हणजे एएनएमने, प्रत्येक आईला पाच प्रश्न विचारावेत: लघवी गळते का, शौच किंवा वारा आवरत नाही का, खाली काही उतरतं का, टाक्यांची जागा दुखते का, कामाला लागलात का आणि कुठल्या. एकाचंही उत्तर चिंतेचं आलं तर तिथेच तपासावं, आणि पुढे कुठे पाठवलं ते बाळाच्या लसीच्या कार्डावरच आईच्या नावापुढे लिहावं. हे पाच प्रश्न आशाच्या तक्त्यातही यावेत, म्हणजे ताजा फिस्टुला दुसऱ्या आठवड्यातच कळेल. तुमच्या गावात उपकेंद्र असेल तर पुढच्या ग्रामसभेत हा ठराव मांडा. शहरात राहत असाल तर आपल्या आमदाराला लिहा. आणि तुमच्या घरी कामाला येणारी बाई नुकती बाळंत झाली असेल, तर तिला दोन महिने पगारी रजा द्या आणि हे पाच प्रश्न घरातल्या बाईने तिला आजच विचारावेत.